अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेशासाठी शिफारसपत्रं : कोणाची घ्यावीत, कधी मागावीत?

मृद्गंध_एनजे

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळातली बरीच मुलं सध्या कॉलेजात प्री-मेड (मेडिकलला जाण्याआधीचे कोर्सेस) करताहेत. त्यांच्या आईवडिलांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी), व्हॉलंटियरिंगचे तास यांवर घरोघरी चर्चा असते, पण शिफारसपत्रांचा विषय निघतो तो थेट अर्ज भरायच्या वर्षी. तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून हा धागा काढतेय. आमच्या घरात ही प्रक्रिया नुकतीच पार पडली आहे आणि मंडळातल्या मुलांच्या अर्जांना मदत करताना बरंच कळत गेलं, ते सगळं इथे एकत्र मांडते.

आपल्याला या पत्रांचं महत्त्व चटकन का पटत नाही, हे समजण्यासारखं आहे. आपल्यातले बहुतेक जण बारावीच्या नाहीतर सीईटीच्या गुणांवर प्रवेश घेऊन पुढे आलो. भारतात आजही नीटच्या ७२० पैकी किती पडले यावर एमबीबीएसची जागा ठरते, कोणत्याही सरांचं पत्र कोणी मागत नाही. इकडे पत्रं आल्याशिवाय बहुतेक मेडिकल स्कूल अर्ज पूर्ण झाला असं धरतच नाहीत.

आधी यंत्रणा सांगते. एमडी (इथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी) देणाऱ्या बहुतेक सगळ्या स्कूल्सचा अर्ज अ‍ॅमकॅस या एकाच व्यवस्थेतून जातो. ती एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना चालवते. डीओसाठी (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरच्या पदवीसाठी) एकॉमस वेगळं, आणि टेक्सासच्या सरकारी स्कूल्सचं आणखी वेगळं. अ‍ॅमकॅसमध्ये जास्तीत जास्त दहा पत्रांची नोंद करता येते आणि कोणतं पत्र कोणत्या स्कूलला जावं हे विद्यार्थ्याने ठरवायचं असतं. दहा नोंदी आहेत म्हणून दहा पत्रं गोळा करू नका. प्रत्येक स्कूलच्या संकेतस्थळावर त्यांना काय हवं ते लिहिलेलं असतं. विज्ञानाचे दोन प्राध्यापक आणि विज्ञानाबाहेरचा एक, ही मागणी सर्वांत जास्त दिसते. संशोधन केलं असेल तर लॅबच्या प्रमुखांचं एक पत्र, आणि रुग्णांजवळ काम केलं असेल तर तिथल्या वरिष्ठांचं एक.

काही कॉलेजांत प्री-हेल्थ समिती असते. ती विद्यार्थ्याची मुलाखत घेते, प्राध्यापकांची पत्रं एकत्र करते आणि स्वतःचं एक समिती-पत्र लिहून पाठवते. तुमच्या मुलाच्या कॉलेजात ही सोय असेल तर ते पत्र घ्याच. सोय असूनही घेतलं नाही, तर का नाही घेतलं असं काही स्कूल्स विचारतात. या समित्यांच्या तारखा मात्र अर्जाच्या कितीतरी आधीच्या असतात. अर्ज जूनमध्ये जाणार असेल तर समितीचं काम हिवाळ्यातच सुरू झालेलं असतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. सही कोणाची आहे यापेक्षा सही करणाऱ्याने मुलाला काम करताना किती जवळून पाहिलंय, याला वजन असतं. आपल्याकडे ओळखीत एखादे नामवंत सर्जन असतात. मुलगा आठवडाभर त्यांच्या मागे शॅडोइंगला (काम नुसतं पाहायला) जातो आणि घरच्यांना वाटतं, आता पत्राचं काम झालं. त्या पत्रात काय येणार? मुलगा हुशार आहे, चांगल्या घरातला आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. प्रवेश समितीला यातून काहीच मिळत नाही. उलट शंभर जणांच्या वर्गातल्या, पण मुलाला दर आठवड्याला भेटलेल्या नवख्या असिस्टंट प्रोफेसरचं पत्र कितीतरी उजवं ठरतं.

एएएमसीने पत्र लिहिणाऱ्यांसाठी सूचना काढल्या आहेत, त्या पालकांनीही वाचाव्यात. विद्यार्थ्याची वकिली करू नका, तो योग्य आहे की नाही याचं अचूक मूल्यमापन द्या. किती काळ, कोणत्या नात्याने ओळखता ते सांगा. स्वतः पाहिलेल्या वागणुकीबद्दल लिहा : प्रसंग काय होता, तो कसा वागला, त्यातून काय झालं. गुणांचा उल्लेख नुसता करू नका, ते समजून घ्यायला संदर्भ देणार असाल तरच करा. आणि लांबीपेक्षा दर्जा महत्त्वाचा. या सूचना उलट्या बाजूने वाचल्या की मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून काय करायचं ते कळतं. कोणीतरी आपल्याबद्दल असं लिहू शकेल, इतकं त्या माणसाच्या नजरेसमोर काम करायचं.

आणखी एक, फर्पाबद्दल. १९७४ च्या या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारसपत्रांपुरता तो सोडता येतो आणि तो सोडावाच. विद्यार्थी पत्र वाचू शकतो असं कळलं की समिती त्या पत्रावर कमी विश्वास ठेवते, आणि कित्येक प्राध्यापक तर लिहायलाच नकार देतात.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा.


रानजाई

वाचनखूण साठवली! माझी मुलगी सोफोमोर (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला) आहे. तिच्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात तीनशेहून जास्त मुलं आहेत. ती अभ्यासू आहे, पण भिडस्त. ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) जा म्हटलं की म्हणते, "आई, मला सगळं समजलंय, मग जाऊन काय विचारू? सरांचा वेळ उगीच का घ्यायचा?" यात आमच्या संस्कारांचाही भाग असेल. सरांना त्रास द्यायचा नाही, हेच आम्ही शिकलो. अशा मुलांनी काय करावं?


कोयनाकाठ

@रानजाई ताई, मी मिडवेस्टमधल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी अशी पत्रं लिहितो. तुमच्या मुलीसारखे विद्यार्थी मला प्रत्येक वर्गात दिसतात आणि त्यांच्याबद्दल मनापासून वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑफिस अवर्स फक्त अडलेल्यांसाठी असतात हा समज तिच्या मनातून काढा. तो वेळ मी विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेला असतो आणि बरेचदा दार उघडं ठेवून मी एकटाच बसलेलो असतो. ज्याला सगळं समजलंय त्याने पुढचं विचारावं. ही अभिक्रिया या तापमानालाच का, पुस्तकात दिलेली यंत्रणा कोणी आणि कशी सिद्ध केली, प्रयोगात आपल्याला वेगळं का दिसलं. असे प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी माझ्या लक्षात राहतो. परीक्षेत ९६ मिळवून गेलेल्याचं मला नावही आठवत नाही, कारण माझ्यासाठी तो गुणपत्रकातली एक ओळ असतो.

वर्ग मोठा असेल तर लहान जागा शोधायच्या. प्रयोगशाळेचा तास, पुढच्या वर्षीचा सेमिनार, टीचिंग असिस्टंटचं काम, संशोधन. ऑर्गॅनिकमध्ये चांगली कामगिरी झाली असेल तर तिने पुढच्या वर्षी त्याच विषयाची पीअर ट्यूटर व्हावं. भिडस्त मुलं यात खुलतात असा माझा अनुभव आहे, कारण तिथे स्वतःबद्दल बोलावं लागत नाही, समोरच्याला समजावायचं असतं.

पत्रात नेमकं काय लिहितो त्याचं एक उदाहरण देतो. एका विद्यार्थिनीचं प्रयोगात यील्ड (अपेक्षित वजनाच्या तुलनेत मिळालेला पदार्थ) १०४ टक्के आलं. हे अशक्य असतं. पदार्थ नीट वाळलेला नसला की असं होतं. अशा वेळी बरेच जण वहीत ९१ लिहून मोकळे होतात. तिने १०४ हाच आकडा लिहिला, शेजारी कारण लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन पदार्थ पुन्हा वाळवून वजन केलं. जुना आकडा खोडला नाही, नवा त्याच्याखाली तारखेसह लिहिला. माझ्या विषयात तिला बी प्लस होता. तिच्या पत्रात मी हा प्रसंग जसाच्या तसा लिहिला आणि इतक्या वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत इतकी प्रामाणिक वही मी क्वचितच पाहिली, हेही लिहिलं. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीबद्दल मला यापेक्षा मोलाचं काही सांगता आलं नसतं. एएएमसीच्या क्षमतांच्या यादीत नैतिक जबाबदारी आणि विश्वासार्हता ही कलमं आहेत. हा प्रसंग दोन्हींत बसतो.

मागताना कसं मागावं तेही सांगतो. "सर, माझ्यासाठी पत्र लिहाल का?" असं विचारलं की बहुतेक जण भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी "माझ्या मेडिकलच्या अर्जासाठी भक्कम पत्र लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता का?" असं विचारावं. समोरचा जरा जरी घुटमळला, तरी आभार मानून दुसऱ्याकडे जावं. कोमट पत्र येण्यापेक्षा नकार आलेला बरा. मी स्वतः असे नकार देतो आणि देताना कारणही सांगतो.

होकार मिळाला की सोबत सगळं द्यावं : रेझ्युमे, स्वतःबद्दलच्या निबंधाचा कच्चा खर्डा, माझ्या वर्गात काय केलं त्याच्या आठवणी, अ‍ॅमकॅसचा पत्र-क्रमांक, आणि पत्र कधीपर्यंत हवं ती तारीख. निदान सहा आठवडे द्या. मे महिन्यात आमच्याकडे पेपर तपासायचे गठ्ठे असतात, त्यामुळे मार्चमध्ये विचारणाऱ्याला माझ्याकडून नक्कीच जास्त चांगलं पत्र मिळतं.


रानजाई

कोयनाकाठ, खूप खूप आभार. पीअर ट्यूटरचं तिला सांगितलं, तिला ते लगेच पटलं. आणि तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला.


भूलतज्ज्ञ_सातारकर

मी रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या) बाजूने लिहितो, कारण इथे वाचणाऱ्यांत भारतातून एमबीबीएस करून येणारेही असतील.

त्यांचा अर्ज बहुतेक शाखांसाठी ईरास या रेसिडेन्सीच्या अर्जव्यवस्थेतून जातो. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं लावता येतात. पत्र लिहिणाऱ्यानेच ते पोर्टलवर चढवायचं असतं, आपल्या हाती येत नाही. २०२२ च्या जानेवारीअखेरीपासून यूएसएमएलई (अमेरिकेतली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) स्टेप १ चे गुण जाऊन नुसतं पास-नापास झालं. त्याआधी आपल्या मुलांची सगळी भिस्त त्या तीन आकडी गुणांवर असायची. ते गेल्यावर स्टेप २ आणि पत्रं यांच्याकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं.

आपल्याकडच्या पत्रांचा नमुना सगळ्यांना माहीत आहे. "सदर विद्यार्थी प्रामाणिक, कष्टाळू व वक्तशीर असून त्याची वर्तणूक चांगली आहे. त्यास पुढील वाटचालीस शुभेच्छा." विभागातल्या संगणकात हा मजकूर तयार असतो, नाव बदलायचं आणि एचओडी सरांची सही घ्यायची. कित्येकदा विद्यार्थीच लिहून नेतो. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथेही हेच चालायचं. सरांचा त्यात वाईट हेतू नसतो. ओपीडीत रोज शेकडो रुग्ण, वर युनिटचा भार, त्यात प्रत्येक इंटर्नसाठी बसून दोन पानं लिहायला वेळ कुठून आणणार? पण इकडच्या प्रोग्राम डायरेक्टरसमोर ते पत्र येतं तेव्हा तो त्यातून काही घेऊ शकत नाही, आणि एकाच कॉलेजची तीन पत्रं शब्दशः सारखी दिसली तर तिघांचंही नुकसान होतं.

म्हणून इकडे येऊन केलेल्या कामावरचं पत्र लागतं. त्यातही फरक आहे. ऑब्झर्व्हरशिपमध्ये रुग्णाला हात लावता येत नाही, त्यामुळे पत्र लिहिणारा फक्त चर्चेबद्दल लिहू शकतो. प्रत्यक्ष काम करू देणाऱ्या इलेक्टिव्हज बहुतेक ठिकाणी अजून विद्यार्थी असणाऱ्यांनाच मिळतात. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी हे आत्ताच लक्षात घ्या. डिग्री हातात आली की ते दार जवळजवळ बंद होतं.

माझ्या इलेक्टिव्हमध्ये हार्ट फेल्युअरचे एक गुजराती आजोबा पुन्हा पुन्हा भरती व्हायचे. मीठ कमी करा असं प्रत्येक जण सांगायचा आणि ते मान डोलवायचे. मी त्यांच्या सुनेबरोबर बसून दिवसभराचं जेवण लिहून काढलं. लोणचं, पापड, फरसाण यांना ते मिठात धरतच नव्हते. अटेंडिंगने (तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी) पुढे पत्रात हे सगळं लिहिलं होतं, हे मला मुलाखतीत कळलं, कारण प्रत्येक मुलाखतकाराने त्याबद्दलच विचारलं. माझ्या गुणांबद्दल एकानेही विचारलं नाही.


दगडी_शाळा

धागा उपयुक्त आहे, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. वडील शेतकरी. आमच्या ओळखीत डॉक्टर सोडाच, कंपाउंडरही नव्हता. परीक्षेत मिळालेल्या गुणांनी मला डॉक्टर केलं. पत्रं लागली असती तर ती मला कोणी दिली असती? ज्याच्या घरी चार प्राध्यापक चहाला येतात त्याचं पत्र चांगलं होणार हे उघड आहे. भारतात पत्रं सुरू झाली तर त्यांचा वशिला व्हायला एक वर्षही लागणार नाही. गुणांची पद्धत रुक्ष असेल, पण ती माझ्यासारख्याकडे नाव न विचारता पाहते. अमेरिकेतही गरीब घरातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलांचं काय होत असेल?


मृद्गंध_एनजे

@दगडी_शाळा, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. भारतात पत्रं आणावीत असं मी कधीच म्हणणार नाही.

इथेही हा प्रश्न आहेच. रात्रपाळीची नोकरी करून शिकणाऱ्या मुलाला ऑफिस अवर्स गाठता येत नाहीत. पत्रांत पूर्वग्रहही उतरतात. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी २००३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन मेडिकल स्कूलच्या प्राध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने लहान होती, त्यांत शंका निर्माण करणारी वाक्यं जास्त होती, आणि बुद्धीपेक्षा कष्टाळूपणावर भर होता. हे वाचल्यापासून मंडळातल्या मुलींना मी आवर्जून सांगते : पत्र लिहिणाऱ्याला दिलेल्या टिपणात स्वतःच्या संशोधनाचं, मांडलेल्या कल्पनांचं काम ठळक लिहा. "मी खूप मेहनत घेतली" इथेच थांबू नका.

फक्त गुणांची पद्धतही सगळ्यांना सारखं पाहते असं मला वाटत नाही. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये नीटबद्दल हेच मांडलं, की महागड्या शिकवण्या परवडणाऱ्यांकडे पारडं झुकतं. पण तुमच्यासारख्या मुलाला निदान एक दार उघडं होतं, ते बंद होऊ नये हे खरंच.

इथल्या गरजू मुलांसाठी एक सांगते. नोकरीच्या ठिकाणच्या सुपरवायझरचं पत्र चालतं आणि चांगलं ठरतं. नर्सिंग होममध्ये रात्री काम करणाऱ्या मुलीबद्दल तिथल्या मुख्य नर्सने लिहिलेलं पत्र प्रवेश समित्या गांभीर्याने वाचतात. प्राध्यापकांची सक्तीची पत्रं आहेत त्यांच्या बदल्यात ते चालत नाही, त्यांच्या जोडीला द्यायचं.


भूलतज्ज्ञ_सातारकर

@दगडी_शाळा, मीही गुणांवरच आलेला. तुमच्याशी सहमत. यावर इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी नव्वदच्या दशकात एक उपाय काढला. त्यांच्याकडे मोकळं पत्र नसतं, ठरावीक नमुना असतो. या विद्यार्थ्याला बाकीच्यांच्या तुलनेत कुठे ठेवाल, वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या तिसऱ्या भागात, की मधल्या, याचं उत्तर द्यावंच लागतं. पूर्वग्रह त्यानेही पूर्ण जात नाहीत, पण गोडगोड विशेषणांमागे लपता येत नाही.


थेम्सकिनारी

यूकेमधून थोडक्यात. इथे बारावीनंतर थेट मेडिसिन असल्यामुळे यूकॅसचा (इथल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या अर्जव्यवस्थेचा) रेफरन्स शाळाच देते, विद्यार्थ्याला कोणामागे धावावं लागत नाही. २०२४ च्या प्रवेशापासून तो मोकळ्या पत्राऐवजी तीन भागांत लिहायचा असतो. मेडिसिनसाठी चारच पर्याय भरता येतात आणि १५ ऑक्टोबर ही तारीख चुकली की ते वर्ष गेलं. यूकॅट (इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि मुलाखत यांचं वजन जास्त. तरी शाळेला मुलाची परिस्थिती, आजारपण वगैरे वेळेत सांगून ठेवा, त्यासाठी रेफरन्समध्ये जागा असते.


पाचवा_मैल

आमचा मुलगा अकरावीत आहे, बीएस-एमडीचा (शाळेनंतर थेट पदवी आणि मेडिकल एकत्र) विचार चालू आहे. ब्राऊनचा पीएलएमई आणि रटगर्सशी जोडलेले सात वर्षांचे प्रोग्राम पाहतोय. तिथे पत्रांचं काय?


मृद्गंध_एनजे

@पाचवा_मैल, तिथे शाळेतल्या शिक्षकांची आणि काउन्सेलरची पत्रं लागतात. अकरावीत शिकवणाऱ्या शिक्षकांचीच घ्या, कारण अर्जाच्या वेळी त्यांनी मुलाला वर्षभर पाहिलेलं असतं. एक विज्ञानाचे आणि एक भाषा किंवा इतिहासाचे अशी जोडी चांगली. उन्हाळी सुट्टीआधी, म्हणजे मे-जूनमध्ये विचारून ठेवा. आवडत्या शिक्षकांकडे शरद ऋतूत रांग लागते आणि काही जण ठरावीक मुलांनाच होकार देतात. काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, त्यामुळे मुलाने स्वतःहून जाऊन भेटायला हवं. तुम्ही ईमेल करू नका, त्यालाच करू दे.


रानजाई

शेवटचा प्रश्न. मुलगी पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करून अर्ज करायचं म्हणतेय. आता बरीच मुलं तेच करतात असं दिसतं. मग आजच्या प्राध्यापकांची पत्रं तोवर कशी टिकवायची? कोणी निवृत्त झालं, कॉलेज सोडलं तर?


कोयनाकाठ

प्राध्यापकांना ती आठवतेय तोवर, म्हणजे कोर्स संपताच तिला विचारायला सांगा. इंटरफोलिओसारख्या सेवेत प्राध्यापक पत्र आत्ताच चढवून ठेवू शकतात. ते गोपनीय राहतं आणि अर्जाच्या वर्षी तिथून अ‍ॅमकॅसला पाठवता येतं. पत्रावर कॉलेजचं लेटरहेड, सही आणि तारीख हवी, एवढं त्यांना सांगून ठेवा. मात्र अर्जाच्या वर्षी तिने पुन्हा संपर्क करावा आणि मधल्या काळात काय केलं ते कळवावं. मी अशी जुनी पत्रं नेहमी नव्याने लिहून देतो. दोन वर्षं नर्सिंग होममध्ये किंवा अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करून आलेल्या विद्यार्थ्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं. आणि वर्षातून एखादी ईमेल तशीही करावी, काही मागायचं नसतानाही. आम्हाला खरंच जाणून घ्यायचं असतं.


मृद्गंध_एनजे

एक पुरवणी. अ‍ॅमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतं, मेअखेरीपासून अर्ज सादर करता येतो आणि जूनअखेरीस तो स्कूल्सकडे जायला लागतो. पत्रं आली नाहीत म्हणून अर्ज सादर करायचं थांबवू नका, पडताळणीला पत्रं लागत नाहीत. पण जुलै-ऑगस्टमध्ये सेकंडरी अर्ज (प्रत्येक स्कूलचा स्वतःचा पुढचा अर्ज) परत जाईपर्यंत ती पोहोचलेली असू द्या. पोहोचलं की नाही ते खात्यात दिसतं. जूनच्या मध्यापर्यंत पत्र आलं नसेल तर मुलांनी विनम्र आठवण करावी, त्यात गैर काही नाही.